गुलाबाचा डोळा, उसाचा डोळा

उसाचा डोळा आपल्या सभासदांना समजावून सांगायला नको. बेणे घेताना कांडीवरचा डोळा आधी बघायचा, मग भावाचे बोलायचे. पुण्यात अशीही माणसे आहेत, जी गुलाबाच्या डोळ्यासाठी तितकीच डोळ्यांत तेल घालून असतात. धंदा नाही, निव्वळ हौस!

ही मंडळी बघायची तर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन गाठावे. बाग चालविणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. प्रदर्शनात फूल मांडणारे गडी वेगळेच. छाटणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी फूल येते, म्हणून प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून कात्री चालवायची. बाजूच्या कळ्या खुडून फांदीला एकच कळी ठेवायची. आपल्याला तोडीची तारीख कारखाना देतो, यांना प्रदर्शन देते, एवढाच फरक.

दुसरे जाती जमविणारे. यांना बक्षिसाशी देणेघेणे नाही. गच्चीवर कुंड्यांची रांग आणि प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचा, १९४५ साली नाव मिळालेला पिवळा-गुलाबी ‘पीस’ त्यांच्याकडे हवाच. काहीजण फक्त भारतीय जाती ठेवतात. त्यात मान डॉ. बी. पी. पाल यांचा. माणूस गव्हाचा शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पहिला महासंचालक, पण फावल्या वेळी गुलाबाच्या नव्या जाती काढायचा. पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ त्यांचाच.

तिसरे लोक वासाचे, आणि खरे सांगायचे तर आम्हाला हेच जास्त जवळचे. त्यांना गावठी गुलाबी फूलच पाहिजे. पाकळ्या दुसऱ्या दिवशी गळतात, बाटलीत ते शोभत नाही. पण गुलकंद त्याचाच होतो.

काही थोडे बी पेरणारेही आहेत. दोन जातींचा संकर करायचा, रोपे वाढवायची आणि बहुतेक सगळी उपटून टाकायची. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर निवड कशी चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की नाव असलेला गुलाब बियातून तसाच्या तसा येत नाही. तो डोळ्यातूनच पुढे जातो. डोळा बांधणारा उरला नाही की जात संपली. एके काळी शिवारभर दिसणारे ‘को ७४०’ आज किती बांधांवर सापडेल? उसाच्या जुन्या जाती निदान संशोधन केंद्रे सांभाळतात. गुलाबाचे तसे नाही. रोपवाटिका खपेल तेच ठेवते, आणि जुना बंगला पाडून इमारत उठली की आवारातली झाडेही जातात. म्हणून हे हौशी लोक एकमेकांना काड्या देतात. एका घरचे झाड मेले तरी दुसऱ्या घरी त्याचा डोळा असतो.

कोणी काडी दिलीच तर फूल नुकतेच गळालेली, पेन्सिलीएवढी फांदी घ्यावी. पाने काढून देठ ठेवावेत, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी. खुंटाच्या सालीला ‘टी’ आकाराची चीर देऊन डोळा आत सरकवावा, पट्टीने बांधावा, डोळा मात्र उघडा ठेवावा. थंडीचे दिवस याला चांगले. आणि प्रदर्शनात आवडलेल्या फुलाचे नाव तिथेच लिहून घ्यावे. नुसता ‘लाल गुलाब’ मागितला तर कोणता हाती पडेल याचा नेम नाही.