एकच झाडू, दोन पगार

कामगाराने पगारवाढ मागितली की एक ठरलेले उत्तर मिळते. 'आधी उत्पादकता वाढवा, पगार आपोआप वाढेल.' मालक हे म्हणतो, महापालिकेचा अधिकारी हे म्हणतो, मोठ्या वर्तमानपत्रांतले अर्थतज्ज्ञ हे म्हणतात आणि आता आमच्यातली शिकलेली मुलेही हे म्हणू लागली आहेत. ऐकायला वाक्य न्यायाचे वाटते. जो जास्त काम करील त्याला जास्त दाम, यात वाईट ते काय? परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत जास्त राबून सर्वांत कमी मिळवले, त्या समाजाने हे वाक्य तपासल्याशिवाय स्वीकारता कामा नये. आज आम्ही ते तपासून पाहणार आहोत.

शहरातला कोणताही एक रस्ता घ्या. सकाळी त्यावर दोन सफाई कामगार झाडू मारताना दिसतील. एक महापालिकेचा कायम कामगार, दुसरा ठेकेदाराचा. झाडू एकच, कचरा एकच, हजेरी घेणारा मुकादमही बहुधा एकच. पहिल्याला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी आणि म्हातारपणाची सोय. दुसऱ्याला रोज, आणि तोही ठेकेदाराच्या हातून जाऊन जो उरेल तेवढा. पगार उत्पादकतेवर ठरतो म्हणता ना? मग या दोघांच्या उत्पादकतेत फरक कोणता, ते दाखवा. ठेक्याच्या माणसाने झाडलेला रस्ता अर्धा घाण राहतो काय?

वेतनात फरक का पडतो, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न ॲडम स्मिथने १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात केला. त्याने पाच कारणे सांगितली. काम सुखाचे आहे की घाणीचे, ते शिकायला सोपे आहे की अवघड आणि खर्चाचे, ते बारमाही आहे की अधूनमधून मिळणारे, त्यात विश्वासाची जबाबदारी किती आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. यातले पहिले कारण आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. स्मिथच्या मते काम जितके किळसवाणे तितकी त्याची मजुरी जास्त असली पाहिजे, कारण जास्त पैसे दिल्याशिवाय ते करायला कोणी पुढे येणार नाही. फाशी देणाऱ्या जल्लादाला कामाच्या मानाने इतर साध्या धंद्यांपेक्षा चांगले पैसे मिळतात, असा दाखलाही त्याने दिला.

आता हा नियम भारताला लावून पहा. गटारात उतरणे, मैला उपसणे, मेलेले ढोर ओढणे यांहून किळसवाणे काम कोणते? स्मिथच्या हिशेबाने या लोकांच्या घरी सोन्याची कौले हवी होती. प्रत्यक्षात सर्वांत घाण कामाला सर्वांत कमी दाम, हा आमच्या देशाचा नियम आहे. अर्थशास्त्र इथे उलटे का होते?

याचे उत्तर स्मिथनेच देऊन ठेवले आहे. त्याचा नियम चालतो तो जिथे प्रत्येक माणूस आपला धंदा निवडायला आणि बदलायला पूर्ण मोकळा आहे तिथे. त्याच ग्रंथात त्याने हिंदुस्थान आणि प्राचीन इजिप्त यांचा उल्लेख केला आहे. जिथे धर्माच्या आज्ञेने मुलाला बापाचाच धंदा करावा लागतो आणि तो बदलणे महापाप मानले जाते, अशाच ठिकाणी एखाद्या धंद्यातली मजुरी अनेक पिढ्या तिच्या स्वाभाविक पातळीच्या खाली दाबून ठेवता येते, असे त्याचे म्हणणे. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये बसलेल्या माणसाला जे दिसले, ते आमच्या आजच्या अर्थतज्ज्ञांना दिसत नाही. की दिसत असून बोलायचे नाही?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच मुद्दा मुळापर्यंत नेला. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमाची विभागणी आहे, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक अशा उतरंडीची. ज्याला बाहेर पडायची वाट नाही, तो मजुरीसाठी घासाघीस करूच शकत नाही. त्याने नाही म्हटले तरी त्याचा भाऊ, त्याचा शेजारी त्याच कामाला बांधलेला आहे. मजुरी पडते ती इथे.

हे पुस्तकातले तत्त्वज्ञान नव्हे, मुंबईच्या गिरण्यांनी ते रोज सिद्ध केले. गिरणीत विणकाम खात्यातील कामगार सूत कातणाऱ्या खात्यातील कामगारापेक्षा बराच जास्त कमावत असे. अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यात घेत, पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा स्पृश्य विणकर तोंडाला कसा लावणार? इतक्याशा कारणावरून हजारो माणसांची कमाई पिढीभर खाली राहिली. त्यांचे हात अडाणी होते म्हणून नव्हे. विणकाम त्यांना करूच दिले नाही, तर त्यांची विणकामातली उत्पादकता मोजणार कशी?

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हा प्रश्न पुढे आणला. सर्व खात्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळाला पाहिजे ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा त्यांनी आग्रह धरला. कामगारांच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मालकांनी तर हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही, असे सांगून हात झटकले. यातली मेख समजून घ्या. दार मालकाच्या मालकीचे होते, पण ते अडवून उभा होता दुसरा कामगार. म्हणूनच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे अस्पृश्य कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे ठणकावून सांगितले. रेल्वेत आमचा माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे अस्पृश्य चालत नाही, हे त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले.

हे जुने झाले, आता कोण जात विचारतो, असे म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचा पुरावा देतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले, फरक होता फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर सवर्ण आडनावाच्या तुलनेत ०.६७ निघाले. मुस्लिम नावाचे तर ०.३३. मुलाखतही झालेली नाही, काम तर दूरच, आणि उत्पादकतेचा निकाल लागून मोकळा! दुसऱ्या टोकाला पहा. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत नोंद झाल्याचे २०२४ मध्ये पुढे आले. त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. एका दारावर आडनाव पाहून नकार आणि दुसऱ्या दारावर आडनाव पाहूनच नेमणूक, असा हा व्यवहार आहे.

याचा अर्थ उत्पादकतेला काहीच किंमत नाही असा आम्ही काढत नाही. तसे म्हणणे स्वतःची फसवणूक ठरेल. शिक्षणाने, कौशल्याने, चांगल्या अवजारांनी माणसाच्या हातून जास्त काम होते आणि त्यातून जास्त वेतनाची जागा तयार होते. प्रश्न असा आहे की उत्पादकता राहते कुठे? ती केवळ मजुराच्या दंडात राहत नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा यावर ती शेती परवडणारी ठरत नाही, तिच्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. तोच हिशेब माणसाला लावा. एकाच्या हाती खराटा आणि ढकलगाडी दिली, दुसऱ्याच्या हाती यंत्राची गाडी दिली, आणि मग पहिल्याला म्हणायचे की तुझी उत्पादकता कमी! अवजार कोणी द्यायचे होते? कौशल्य शिकवणाऱ्या शाळेचे दार कोणी लावून घेतले होते?

आणि उत्पादकता अगदी तराजूवर मोजली जाते, तिथे तरी न्याय होतो काय? ऊसतोड कामगाराकडे पहा. त्याची मजुरी टनावर ठरते, म्हणजे किलोकिलोचा हिशेब. तरी मुकादमाच्या उचलीत तो हंगाम सुरू होण्याआधीच अडकलेला असतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते, पण तिच्या मजुरीचा वेगळा हिशेबच नाही. आजारी पडली, बाळंत झाली तर खाडा. मग जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. त्या महिन्यात कोयत्याला जास्त धार आली होती काय? दंडात ३४ टक्के जास्त बळ आले होते काय? ऊस तोच, हात तेच. संघटनांनी कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला, वाटाघाटी झाल्या आणि दर वाढला. मजुरीत संघटनेच्या ताकदीचा वाटा किती असतो, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

देशाचा हिशेबही हेच सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या भारतविषयक वेतन अहवालानुसार १९९३-९४ ते २०११-१२ या काळात सरासरी खरे वेतन जवळपास दुप्पट झाले. ही वाढ आम्ही नाकारत नाही. पण उत्पादकता त्याहून वेगाने वाढली, आणि राष्ट्रीय उत्पन्नातला श्रमाचा वाटा १९८१ मधील ३८.५ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ३५.४ टक्क्यांवर आला. म्हणजे कामगाराने आपला शब्द पाळला, उत्पादकता वाढवली. 'आपोआप' वाढणारा पगार मात्र वाटेतच अडला.

आता पुन्हा त्या रस्त्यावरच्या दोन झाडूंकडे येऊ. न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा काय झाले? ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम कर्मचाऱ्याइतकेच काम करणाऱ्या हंगामी सरकारी कर्मचाऱ्याला किमान त्या वेतनश्रेणीच्या तळाचे वेतन द्या, असा निकाल दिला. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० ठेका सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडाही त्याच न्यायालयाने उचलून धरला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाची अनेक वर्षांची लढाई होती, आणि निकालानंतरही अंमलबजावणीसाठी झगडावे लागले.

दुसऱ्या बाजूने कायदाच सैल होत गेला आहे. १९७० चा ठेका कामगार कायदा मुळात २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठेक्याला लागू होता, आणि तो चुकवण्यासाठी २० च्या आत माणसे ठेवून ठेक्याचे तुकडे पाडण्याची युक्ती निघाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत ही मर्यादा ५० वर गेली आहे. मुख्य कामात ठेका कामगार नकोत असे नवी संहिता म्हणते, पण आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर झाडलोट आणि कचरा उचलणे हे मुख्य काम धरत नाही. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्यातून १९४८ चा कायदा झाला. तो कायदाही आता वेतनसंहितेत विलीन झाला आहे. या संहिता आमच्या कार्यकर्त्यांनी कलमागणिक वाचल्या पाहिजेत. ठेक्यात आरक्षण नाही, बढती नाही, वेतनश्रेणी नाही, आणि ठेक्यात सर्वाधिक माणसे कोणाची आहेत हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून 'उत्पादकता वाढवा' असे कोणी सांगितले तर त्याला तीन प्रश्न विचारा. आम्हाला कोणत्या खात्यात प्रवेश आहे? आमच्या हाती अवजार कोणते आहे? आणि वाढलेल्या उत्पादनातला वाटा ठरवताना आमचा माणूस टेबलावर बसलेला आहे काय? आमच्या मुलांनी जरूर शिकावे, यंत्र शिकावे, संगणक शिकावा. पण शिकलेल्या मुलाने ठेक्यावर झाडू मारणाऱ्या बापाला कमी कष्टाळू समजू नये. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर फिरतो. त्याच घरांत कोण ठेक्यावर आहे, पगारपत्रक मिळते काय, निधी कापला जातो तो भरला जातो काय, याची यादी प्रत्येक वस्तीत झाली पाहिजे. ती यादी घेऊन युनियनकडे जा, कामगार आयुक्ताकडे जा. १९२८ साली विणकाम खात्याचे दार बाबासाहेबांनी ठोठावले होते. आज ठेक्याच्या पलीकडचे दार आपण ठोठावायचे आहे, आणि ते काम दुसरे कोणी करणार नाही.