सोलर पॅनलची काच राखेने घासू नका!



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. घराच्या छपरावर १ किलोवॅटचं सोलर बसवलं तर ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्याला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. बाकीचे पैसे आपलेच, आणि बरेचदा ते कर्ज काढून घातलेले असतात. पॅनल साधारण २५ वर्षं चालावं अशी अपेक्षा असते. म्हणून ते धुवायचं कसं, हे नीट समजून घेऊया.

आपल्याला वाटतं, पॅनलवर नुसती काच आहे. पण त्या काचेवर एक थर असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. तो आपल्या केसाच्या जाडीपेक्षा सुमारे पाचशे पट पातळ असतो. साध्या काचेवर ऊन पडलं की शंभरातला साधारण चार भाग उजेड वरूनच परत फिरतो. उंच जोत्यावर चढताना मध्ये एक पायरी असली की चढणं सोपं जातं ना? हा थर तशीच मधली पायरी आहे. त्यात अतिशय बारीक छिद्रं असतात, म्हणजे थोडी काच आणि थोडी हवा. त्यामुळे उजेड हवेतून काचेत सहज शिरतो आणि शंभरातले दोन-तीन भाग वाचतात. ऐकायला कमी वाटतं. पण ३ किलोवॅटच्या संचावर ही बचत वर्षाला शंभर युनिटच्या आसपास जाते.

हा थर बनतो कसा? काच मऊ असतानाच तिला नक्षीच्या रुळांमधून काढतात, म्हणजे तिचा पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो. मग वाळूतल्याच सिलिकापासून केलेलं द्रावण तिच्यावर पातळ पसरतात आणि भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवतात. थर काचेला धरून बसतो. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, अशा पातळ थरांवर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. त्यातल्या एका पद्धतीत तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारतात. पाणी उडून जातं, थर मागे राहतो. घावन घालताना तवा चांगला तापलेला लागतो, तसंच.

मग स्वतःच स्वच्छ होणारी काच असते म्हणतात, ती कोणती? तिचे दोन प्रकार. पहिला आपल्या परसात आहे: अळूचं पान. त्यावर बारीक उंचवटे आणि मेणासारखा थर असतो, म्हणून पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे घरंगळतात आणि धूळ सोबत नेतात. दुसरा प्रकार टायटॅनियम डायऑक्साईडचा. पांढऱ्या रंगात वापरतात तीच ही पावडर. तिचा कच्चा माल इल्मेनाईट, जो रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतो. काचेवर तिचा थर दिला की उन्हाने चिकट घाण हळूहळू तुटते, आणि पावसाचं पाणी थेंब न होता सपाट पसरून ती धुऊन नेतं. पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने २००१ मध्ये खिडक्यांसाठी अशी काच बाजारात आणली. पण हा थर स्वतःच थोडा उजेड परतवतो, म्हणून सोलर पॅनलवर तो सहसा नसतो. म्हणजे धुण्याचं काम आपल्याकडेच राहिलं!

पावसाळ्यात आपल्याकडे पाऊसच पॅनल धुतो. दिवाळीनंतर मात्र तांबडी धूळ बसायला लागते, पक्ष्यांची घाण वाळते, खालच्या कडेला चिखल आणि शेवाळ साचतं. तेव्हा एवढं करा:

• सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.
• आधी संच बंद करा. कसा बंद करायचा ते बसवणाऱ्याकडून शिकून घ्या.
• मऊ फडकं किंवा स्पंज आणि साधं पाणी पुरतं. वाळलेली घाण आधी भिजू द्या, मग पुसा.
• राख, काथ्या, तारेची घासणी, कपड्यांची पावडर नको. भांडी लखलखतात, पण इथे थर निघतो आणि ओरखड्यांत धूळ अडकते. निघालेला थर घरी परत बसवता येत नाही.
• पॅनलवर पाय देऊ नका. ओल्या पत्र्यावर किंवा कौलांवर चढू नका. लांब दांड्याचा मऊ ब्रश घेऊन खाली उभं राहूनच काम करा.
• काच फुटलेली किंवा वायर उघडी दिसली तर हात लावू नका, बसवणाऱ्याला बोलवा.

कोणी दारात येऊन "हा फवारा मारा, पॅनल आपोआप साफ राहील" म्हणालं, तर आधी विचारा: याने पॅनलची हमी टिकेल का? तसं लेखी देणार का? लेखी मिळालं नाही तर पैसे देऊ नका.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी हमीचा कागद घेऊन यावा. धुण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते सगळ्या मिळून वाचूया.