कपाटाची किल्ली आणि रुग्णाचा हक्क

जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण कक्ष आपण नजरेसमोर आणू. बाहेर बाकांवर ताटकळणारी कुटुंबे, आत चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर आणि कोपऱ्यात औषधांचे एक लोखंडी कपाट. मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय चर्चेत कायदा येतो, निधी येतो, मनोविकारतज्ज्ञांची टंचाई येते. त्या कपाटाचा विषय मात्र क्वचितच निघतो. वास्तविक आजार आटोक्यात राहील की उलटेल, हे पुष्कळदा त्या कपाटात काय आहे, ते कसे ठेवले आहे आणि त्यातून कोणाच्या हाती काय पडते, यावरच ठरते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि कर्नाटकातील बेल्लारीच्या अनुभवावर आधारलेला जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये. तरीही बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले. म्हणजे जे दवाखान्यापर्यंत पोहोचतात ते थोडे. निदान त्यांना तरी योग्य औषध सुस्थितीत आणि अखंड मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो हक्कच ठरवला आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत मानसिक रुग्णांना विनामूल्य आणि ‘सर्व काळ’ उपलब्ध असली पाहिजेत, असे कलम १८ सांगते. यातील ‘सर्व काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन दिले जाते. त्यात दोन दिवसांहून अधिक खंड पडला, तर जुन्या मात्रेवर परतता येत नाही; साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा पायरी पायरीने चढावे लागते. शिवाय पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. साठा संपल्याने वाया गेलेले तीन दिवस कागदावर क्षुल्लक दिसतात. रुग्णाला मात्र अनेक दिवसांची वाट पुन्हा चालावी लागते.

साठा असणे पुरेसे नाही. तो टिकलाही पाहिजे. पुष्कळशा गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. राजस्थानात किंवा विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ही सूचना केवळ छापील उरते. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. केरळच्या किंवा मेघालयाच्या पावसाळ्यात पट्टीतून काढून कागदी पुडीत बांधलेल्या त्या गोळ्या घरी पोहोचेपर्यंत मऊ पडू शकतात. पट्टी कातरली की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीखही बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहते.

कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत-उपचार करण्यास मनाई केली, ती योग्यच. परंतु त्यासाठी सर्रास वापरले जाणारे सक्सामिथोनियम २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, लोराझेपामचे इंजेक्शनही तसेच. याउलट हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटसारखे, दोन ते चार आठवडे परिणाम टिकणारे तेलकट इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचे नसते. त्याला प्रकाशापासून जपावे लागते. एकाच कपाटाचा एकच नियम येथे चालत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या गावात फ्रिजवरील तापमानाची रोजची नोंद हा रुग्णाच्या सुरक्षेचाच भाग होय.

दुसरा धोका नावांचा. क्लोझापिन आणि क्लोनाझेपाम ही नावे घाईत लिहिली किंवा वाचली की एकसारखीच वाटतात. क्लोझापिन कधीच न घेतलेल्या माणसाला त्याची पूर्ण मात्रा चुकून दिली गेली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. अशी औषधे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवावीत आणि देताना नाव मोठ्याने वाचावे, या उपायांना निधी लागत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे परिचर्येतील पाच नियम गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी बाजूला पडतात आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची सर्वाधिक गरज असते.

तिसरा प्रश्न कुलपाचा. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे नशेसाठी वळवली जातात. म्हणून २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार औषधविक्रेत्याला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची स्वतंत्र नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. सरकारी कक्षातही तीच शिस्त हवी. किल्ली ठराविक व्यक्तीकडे, पाळी बदलताना दोघांसमक्ष मोजणी आणि तफावतीची त्याच दिवशी नोंद. मात्र कुलूप इतकेही कडक नको की किल्लीवाला रजेवर गेला म्हणून रुग्ण रिकाम्या हाताने परतावा.

सर्वांत अवघड तोल इथेच आहे. आत्महत्येचे विचार मनात असलेल्या रुग्णाच्या हाती महिन्याभराच्या गोळ्या देणे जोखमीचे, म्हणून डॉक्टर आठवड्यापुरत्याच देतात. पण साठ किलोमीटरांवरून येणाऱ्या मजुराला दर आठवड्याची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे आणि बसभाडे भरणे. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो येणेच थांबवील. यावर मार्ग म्हणजे औषध रुग्णाच्या गावाजवळ नेणे. आठवड्याचा वाटा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून मिळावा आणि घरी तो रुग्णाच्या संमतीने विश्वासू नातलगाकडे असावा. मात्र या जबाबदारीच्या नावाखाली अन्नात लपवून गोळी देण्याची प्रथा रूढ होऊ नये. कायदा रुग्णाला निर्णयक्षम मानूनच सुरुवात करतो. फसवून दिलेले औषध आजार दाबील, पण विश्वास तोडील. लिथियम घेणाऱ्याला उन्हाळ्यात भरपूर पाणी पिण्याविषयी आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर न घेण्याविषयी सांगणे, हाही औषध देण्याचाच भाग आहे. कारण दोन्ही कारणांनी रक्तातील लिथियम विषारी पातळीला जाऊ शकते.

कायद्यातील एक फटही येथे दाखवली पाहिजे. नोंदणी आणि किमान निकष हे मुख्यतः रुग्ण दाखल होऊन राहतात अशा आस्थापनांना लागू होतात. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा कक्ष त्या व्याख्येत बसत नाही. राज्य सरकारांनी अशा कक्षांसाठी साठवण, तापमान, मोजणी आणि औषध देण्याची पद्धत यांचे स्वतंत्र, सुटसुटीत नियम करावेत. औषधांतील चुका शिक्षेच्या भीतीविना नोंदवता याव्यात. लपवलेली चूक पुन्हा घडते.

यांपैकी कशालाही नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. एक तापमापक, एक नोंदवही, न कातरलेली पट्टी आणि वेळेवर येणारा साठा एवढ्यावरही पुष्कळ भागेल. संसदेने दिलेला हक्क रुग्णाच्या तळहातावर गोळीच्या रूपाने उतरतो. ती गोळी योग्य आहे, याची हमी देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.