विश्लेषण : आठशे पानांची ‘मिडलमार्च’ गटाने कशी वाचायची?

जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ अनेक वाचकांच्या कपाटात असते आणि पुष्कळ प्रतींतली खूण पहिल्या दीडदोनशे पानांतच अडकलेली असते. अशी पुस्तके एकट्याने रेटण्याऐवजी दहा-बारा जणांनी ठरवून वाचावीत, ही कल्पना जुनीच असली तरी ऑनलाइन भेटी सोप्या झाल्यापासून ती पुन्हा रुळली आहे. ठरलेल्या आठवड्यात ठरलेली प्रकरणे वाचायची, मग तासभर चर्चा. सुरुवात उत्साहात होते. दुसऱ्या महिन्यात निम्मे गळतात. याचे खापर वाचकांच्या आळसावर फोडणे सोपे असले, तरी दोष बहुधा आखणीचा असतो.

मूळ वाचकांनी ती कशी वाचली?

एका दमात नाही. डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात ती आठ भागांत निघाली. पहिले सहा भाग दोन-दोन महिन्यांनी आले, शेवटचे दोन महिन्याच्या अंतराने. प्रत्येक भागाची किंमत पाच शिलिंग होती. त्या काळी कादंबरी सहसा तीन खंडांत आणि साडेएकतीस शिलिंगांना मिळे. ती विकत घेणारे थोडेच. बाकीचे ‘म्युडी’सारख्या वर्गणीच्या वाचनालयांतून एकेक खंड नेत. एलियट यांचे सहचर जॉर्ज हेन्री लुईस यांनी प्रकाशक जॉन ब्लॅकवुड यांना आठ भागांची युक्ती सुचवली, कारण मजकूर तीन खंडांत मावणारा नव्हता. चार्ल्स डिकन्स यांनी तर १८३६ पासून बत्तीस पानी मासिक भागांचा पायंडाच पाडला होता. मराठी वाचकालाही हे परके नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून क्रमशःच आली.

म्हणजे दोन भागांमधला रिकामा काळ हा या वाचनाचाच हिस्सा होता. पुढे काय होणार यावर घराघरांत तर्क चालत, मागचा भाग पुन्हा चाळला जाई. गटवाचनाच्या आयोजकाने परत आणायचा आहे तो हा रिकामा काळ.

वेळापत्रक कसे आखावे?

पानांवरून नको. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, कोणी फोनवर वाचणार, कोणी ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वरची मोफत प्रत उतरवणार, कोणी प्रवासात ‘लिब्रिव्हॉक्स’चे ध्वनिमुद्रण ऐकणार. त्यामुळे ‘पान २१०पर्यंत’ या सूचनेला अर्थ उरत नाही. प्रकरणांचे क्रमांक मात्र सगळीकडे तेच असतात : एकूण ८६, शिवाय सुरुवातीचे छोटे प्रास्ताविक आणि शेवटचा समारोप.

आठ भाग, प्रत्येकाला तीन आठवडे, म्हणजे २४ आठवडे. साडेआठशे पानांची आवृत्ती धरली तर आठवड्याला सरासरी ३५ पाने, रोजची पाच. हा वेग हास्यास्पद वाटतो, पण वाचक टिकतात ते याच वेगाला. तीन आठवड्यांपैकी दोन वाचनाचे आणि तिसरा मोकळा ठेवावा. चर्चा त्या मोकळ्या आठवड्याच्या शेवटी. गणपती, दिवाळी, मार्चअखेर आणि मुलांच्या परीक्षा आधीच पाहून घ्याव्यात. एक भाग दिवाळीत अडकला की पुढचे सगळेच घसरते.

गट नेमका कुठे फुटतो?

याचे उत्तर बऱ्यापैकी निश्चित सांगता येते : अकराव्या प्रकरणानंतर. पहिली नऊ-दहा प्रकरणे डोरोथिया ब्रुकची आहेत. विशीलाही न पोहोचलेली, काहीतरी थोर करू पाहणारी ही मुलगी पंचेचाळिशी उलटलेल्या कसॉबन या रुक्ष पंडिताकडे आदराने पाहू लागते. वाचक तिच्यात गुंततो आणि तेवढ्यात ती नाहीशी होते. अकरा ते अठरा या प्रकरणांत गावात नवा आलेला डॉक्टर लिडगेट, महापौर विन्सी यांचे कुटुंब, म्हातारा फेदरस्टोन, सावकार बल्स्ट्रोड अशी माणसे एकामागून एक येतात आणि वाचकाला वाटते की आपण चुकून दुसरेच पुस्तक उघडले.

ते अगदीच चूक नाही. एलियट यांनी १८६९ मध्ये ‘मिडलमार्च’ नावाने सुरू केलेली कथा लिडगेट आणि विन्सी कुटुंबाची होती. ती रखडली. १८७०च्या अखेरीस त्यांनी ‘मिस ब्रुक’ ही वेगळी गोष्ट लिहायला घेतली आणि पुढच्या वर्षी दोन्ही एकत्र केल्या. अकराव्या प्रकरणाशी हाताला लागतो तो या जोडाचा टाका. आयोजकाने एवढी माहिती आधीच सांगून ठेवली, तर अर्धी गळती थांबावी. सोबत कुटुंबांचा साधा तक्ता द्यावा, पण त्यात नाती फक्त त्या क्षणी जशी आहेत तशी.

दुसरा भाग एका चर्चेत संपवण्याचा हट्टही नको. तेरा ते सतरा ही प्रकरणे वाचून थांबावे. अठराव्यात रुग्णालयासाठी धर्मगुरू निवडायचा आहे. लिडगेटला एक उमेदवार माणूस म्हणून आवडतो, पण ज्याच्या पैशावर नवे रुग्णालय उभे राहायचे त्या बल्स्ट्रोडला दुसराच हवा आहे. लिडगेटने कोणाला मत द्यावे, यावर गटात आधी मतदान घ्यावे आणि मगच पुढे वाचावे. संस्था चालवलेल्या किंवा सोसायटीच्या कार्यकारिणीवर बसलेल्या कोणालाही इथे बोलायला विषय शोधावा लागत नाही.

कथानक आधीच फुटू नये म्हणून?

पहिला धोका पुस्तकातच असतो. अभ्यासकांच्या प्रस्तावना कादंबरी वाचून झालेल्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि शेवट बिनदिक्कत सांगतात. त्या शेवटी वाचाव्यात. अनुक्रमणिकाही निरुपद्रवी नाही. सहाव्या भागाचे शीर्षक एका मोठ्या घटनेचा सुगावा देते आणि आठही शीर्षके मूळ वाचकांच्या हाती एकदम आली नव्हती. ज्यांनी कादंबरी पूर्वी वाचली आहे त्यांना गटात जरूर घ्यावे, पण ‘पुढे बघा काय होते ते’ एवढे सूचक वाक्यही त्यांना वर्ज्य असावे.

मागे पडलेल्यांचे काय?

गटाची खरी परीक्षा इथे आहे. एक भाग राहिलेला माणूस चर्चेला येत नाही, मग दुसरा भाग राहतो, मग तो व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त शुभेच्छा देतो. त्याला आवडलेले पुस्तक तो निव्वळ संकोचापायी सोडतो. म्हणून प्रत्येक चर्चेची पहिली दहा मिनिटे मागच्या प्रकरणांचा सारांश कोणीतरी सांगावा आणि हे काम आळीपाळीने फिरवावे. ‘वाचून झाले का?’ हा प्रश्न विचारूच नये. पारायणात सप्ताह ठरल्या दिवशी पुरा व्हावा लागतो, इथे तसे बंधन नाही. दोन भाग मागे असलेल्याने सारांश ऐकून थेट चालू भाग उचलला, तरी बिघडत नाही. राहिलेली पाने नंतर भरता येतात. तुटलेला माणूस सहसा परत येत नाही.

चर्चा कशावर?

‘आवडले का’ यावर नको. त्याला दोनच उत्तरे असतात. पुस्तक इंग्रजीत वाचले तरी मराठी गटाने बोलावे मराठीत, म्हणजे भाषेच्या धाकाने गप्प बसणारे बोलतात. संदर्भांसाठी एक पान पुरे : कथा १८२९ ते १८३२ मधली, म्हणजे मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा कायद्याच्या तोंडावरची. रेल्वे येऊ घातली आहे, कॉलराची भीती आहे.

एक चर्चा मात्र २९व्या प्रकरणासाठी राखून ठेवावी. ते डोरोथियाच्या नावाने सुरू होते आणि निवेदक वाक्य मध्येच तोडून विचारतो, नेहमी तिचीच बाजू का? मग तो कसॉबनकडे वळतो. तोवर गटाने या गृहस्थाची भरपूर टिंगल केलेली असते. आपण त्याच्याविषयी काय काय बोललो होतो, हे आधीच्या चर्चांच्या टिपणांतून कोणीतरी तिथे वाचून दाखवावे.

समारोपाची मोजकी पाने आठव्या भागाला जोडू नयेत. त्यांच्यासाठी निराळी भेट ठरवावी, शक्यतो प्रत्यक्ष, आणि ती पाने घरी न वाचता तिथेच एकाने मोठ्याने वाचावीत.