वेब पान मुलांच्या डेस्कटॉपवर रुळतं कसं?

२००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप पोचले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग तो. त्या लॅपटॉपवर शुगर नावाचा, खास मुलांसाठी घडवलेला डेस्कटॉप होता. त्यात फोल्डरांची उतरंड नाही. मधोमध मुलाचं चिन्ह, त्याच्याच दोन रंगांत. भोवती उपक्रमांचं, म्हणजे ॲपचं, कडं. आणि केलेलं काम जपणारं ‘जर्नल’, म्हणजे रोजनिशी.

शुगरचे उपक्रम सुरुवातीला बहुतांशी पायथॉन भाषेत लिहिले जात. वेबवर मात्र कितीतरी चांगली साधनं तयार होती. व्हिसिकॅल्क या गाजलेल्या स्प्रेडशीटच्या जनकांपैकी एक, डॅन ब्रिकलिन, यांनी जावास्क्रिप्टमध्ये सोशलकॅल्क लिहिलं. ते एक्सओवर आणताना ब्राउझरच्या इंजिनात बसवून शुगरशी मुद्दाम जोडावं लागलं. दर साधनामागे एवढी खटपट कोण करणार? २०१३ मध्ये आलेल्या शुगरच्या ०.१०० आवृत्तीने वेब पानांना शुगरमध्ये येण्याची वाट सर्वांसाठी मोकळी केली.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं उमापूर डोळ्यांसमोर आणू. समजा, तिथल्या मुलांसाठी पावसाच्या नोंदीचं पान करायचं आहे. आज किती मिलिमीटर पडला ते मुलाने लिहायचं, पानाने आलेख काढायचा. साध्या ब्राउझरमध्ये हे काम तासाभराचं. पण ते शुगरमध्ये नांदायचं तर आणखी तीन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट पाकिटाची. सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये, आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘डॉट ॲक्टिव्हिटी’. आत मुख्य पान, चित्रं, जावास्क्रिप्ट आणि ‘शुगर-वेब’ हा तयार कोडसंच. शिवाय एक छोटी माहितीची फाईल: उपक्रमाचं नाव, आवृत्ती, चिन्ह, आणि तो कशाने उघडायचा. तिथे ‘शुगर-ॲक्टिव्हिटी-वेब’ लिहिलं की पत्त्याची पट्टी नसलेल्या चौकटीत पान उघडतं. मुलाला ब्राउझर दिसतच नाही. सगळं झिप करून ‘डॉट एक्सओ’ केलं की पेनड्राइव्हवरूनही बसवता येतं. मात्र पानाने बाहेरून एकही फाँट किंवा आलेखाची लायब्ररी मागवता कामा नये. नेट गेलं की असं पान तिथेच अडतं, आणि खेड्यातल्या शाळेत नेट जाणारच असं धरून चालावं.

दुसरी गोष्ट संवादाची. उघडताना शुगर पानाच्या हातात काही माहिती ठेवतं: या कामाचा ओळखक्रमांक, जोडणीचा पोर्ट आणि एक किल्ली. ती किल्ली दाखवून पान त्याच यंत्रावर शुगरशी वेबसॉकेटची तार जोडतं. मुलाचे रंग विचारणं, काम साठवायला देणं, सगळं या तारेवरून चालतं.

तिसरी गोष्ट जर्नलची, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. नेहमीच्या वेब पानाला बंद होण्याचं फारसं सोयरसुतक नसतं. टॅब मिटला की अर्धवट लिहिलेलं बहुधा गेलं. शुगरमध्ये मूल थांबण्याचं बटण दाबतं तेव्हा पानाला आधी निरोप जातो. पानाने ‘जरा थांब’ म्हणायचं, पावसाचे आकडे मजकुराच्या रूपात जर्नलकडे सोपवायचे, साठवल्याची पोच घ्यायची आणि मगच मिटायचं. पोच येण्याआधी मिटलं तर आजचा आकडा हरवतो. उघडताना याच्या उलट: कामाचा क्रमांक आला असेल तर जुने आकडे वाचून आलेख पुन्हा उभा करायचा, नसेल तर कोरं पान द्यायचं. ‘सेव्ह’ हा शब्द मुलाच्या कानावर पडायचीही गरज नाही.

बीडमध्ये याचं महत्त्व जास्त आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घरंच्या घरं कारखान्यांकडे निघतात आणि मुलं वर्गातून उठून पालकांबरोबर जातात. लॅपटॉप मुलाचाच असावा आणि तो घरी नेता यावा, हे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ मोहिमेचं मूळ सूत्र. तसं असेल तर कोपीत, म्हणजे ऊसतोड कुटुंबाच्या झोपडीतही, तीच रोजनिशी उघडेल, वरच्याच ओळीला शेवटचं काम असेल. नेट नसलं तरी आलेख पुढे सरकेल.

भाषेचंही सोपं आहे. बटणांवरचे शब्द पानात न कोरता वेगळ्या भाषा-फाईलमध्ये ठेवायचे आणि तिथे मराठीचा विभाग घालायचा. मग डेस्कटॉप मराठीत असला की ‘पाऊस’, ‘आज’, ‘आलेख’ हेच शब्द दिसतात.

आता एक्सओ सहसा हाती लागत नाही. पण फ्रान्सच्या लिओनेल लास्के यांनी सुरू केलेलं शुगरायझर सगळं शुगरच वेबमध्ये घेऊन आलं. ते अँड्रॉइड टॅबलेटवर चालतं, साध्या ब्राउझरमध्येही चालतं. आपलं पावसाचं पान तिथेही चालू शकतं, कारण साठवण्याची मागणी तोच कोडसंच करतो. फरक पडतो तो साठवण्याच्या जागेत: इथे जर्नल ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात राहतं. कुणी ब्राउझरची माहिती पुसली तर जर्नलही पुसलं जाईल. म्हणून एकच टॅबलेट अनेक मुलं वापरत असतील, तर शाळेतल्या एका संगणकावर शुगरायझरचा सर्व्हर बसवावा आणि प्रत्येक मुलाला त्याचं खातं उघडून द्यावं; मग टॅबलेट कुठलाही हातात आला तरी त्याची रोजनिशी त्यालाच मिळते.