दणका, हशा आणि पडद्यामागची शिस्त

मराठी ॲक्शन कॉमेडीचा विषय निघाला की शूटिंगच्या गमतीजमती पुढे येतात: कोण घसरलं, कोणाला हसू आवरेना. या किश्श्यांमुळे असे सिनेमे हसतखेळत होऊन जातात, असा समज पसरला. माझं म्हणणं उलट आहे. मारामारीतून हशा पिकवायला सगळ्यात कडक शिस्त लागते. राज्यस्तरीय लावणी स्पर्धेसाठी नावाजलेल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला हे सांगायला नको. तमाशाच्या वगातला सोंगाड्या मार खातो, तेव्हा ढोलकीची थाप एका क्षणाने चुकली तरी हशा हुकतो. सिनेमात थापेचं ते काम संकलक आणि ध्वनियोजक करतात. ठोसा नेमक्या कोनातून टिपायचा, त्याचा आवाज नेमक्या फ्रेमवर बसवायचा आणि मार खाणाऱ्याचा चेहरा किती वेळ दाखवायचा, यावर सारं ठरतं.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (1993) याचा उत्तम पुरावा आहे. तात्या विंचू हा खुनी बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि समोर भीतीने गारठलेला लक्ष्मीकांत बेर्डे. तीन माणसांची कला एकाच क्षणी जुळावी लागते. बाहुला हलवणारा चौकटीबाहेर राहिला पाहिजे, म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा हेही बाहुलाच ठरवतो. बाहुल्याच्या चेहऱ्यावर माणसासारखे भाव उमटत नाहीत. बेर्डे त्याच्याकडे पाहून दचकतात, म्हणून तो आपल्याला जिवंत वाटतो.

यावर आक्षेप येतो की खुनी बाहुल्याची कल्पना 1988च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमातून आली, मग कौतुक कसलं? कल्पना तिकडची, हे खरंच आहे. पण तिकडे बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो, इकडे बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या, म्हणजे बेर्डे यांच्या पात्राच्या. ज्याने बाहुल्याला बोलतं करायचं, त्यालाच बाहुला धमकावतो. विनोदाची ही कळ इथली आहे, आणि तिच्यामागे यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यापासून चालत आलेली शब्दभ्रमाची परंपरा उभी आहे.

दुसरा आक्षेप तंत्राचा: आता संगणक सगळं करतो, मग या मेहनतीचं मोल काय? 2013चा 'झपाटलेला 2' थ्रीडी होता. पडद्याला खोली आली, तात्या विंचूही परतला. पण 2004मध्ये बेर्डे गेले होते, आणि दचकणाऱ्या माणसाची ती पोकळी कुठल्याच तंत्राने भरली नाही.

दणका आणि हशाच्या या मेळाला सोलापूर जिल्ह्याने नवं वळण दिलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अकलूजच्या रिंकू राजगुरूला 'सैराट'मध्ये (2016) आर्ची म्हणून ट्रॅक्टर आणि बुलेटवर बसवलं, आणि आर्चीचा दरारा व तिच्यावरचा हशा एकाच दृश्यात नांदले. त्यांचीच निर्मिती असलेल्या, हेमंत अवताडे दिग्दर्शित 'घर बंदूक बिर्याणी'त (2023) पोलीस, डाकू आणि आचारी समोरासमोर आले. ही माणसं आपल्या बोलीत, आपल्या देहबोलीने वावरतात. खोटी ऐट नसली की दणकाही खरा वाटतो आणि हसूही.

म्हणून फाइट मास्टर, बाहुलीकार, संकलक, ध्वनियोजक यांच्या कामाची नोंद व्हायला हवी. त्यांनी दृश्य कसं बांधलं, हे त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं पाहिजे. ज्या अकलूजने फडावरच्या कलेला स्पर्धेचं मानाचं व्यासपीठ दिलं, तिथे या कारागिरांच्या प्रात्यक्षिकांसाठी दरवर्षी एक दिवस राखून ठेवावा. नवा दिग्दर्शक तिथून जे शिकेल, ते शंभर किश्श्यांतून त्याच्या हाती लागणार नाही.