गप्पा मारणे म्हणजे काय?

मराठीत ‘गप्प’ म्हणजे अबोल आणि ‘गप्पा’ म्हणजे निव्वळ बोलणे. एका कान्याने अर्थ पार उलटा होतो. फारसीतही ‘गप’ हा शब्द आहे आणि तेथे गप्पा मारण्याला ‘गप जदन’ म्हणतात. ‘जदन’ म्हणजे मारणे. तेव्हा इराणातला माणूसही आपल्यासारखाच गप मारतो. मराठी माणूस मात्र तेवढ्यावर थांबलेला नाही. तो गप्पा मारतो, ठोकतो, झोडतो, हाणतो आणि हाताशी अगदीच काही उद्योग नसला म्हणजे चकाट्या पिटतो. एवढी मारझोड होऊन दुखापत कोणालाच होत नाही हे खरे. पण या क्रियापदांवरून आपल्या भाषेची दृष्टी कळते. भाषण करतात, चर्चा करतात, गप्पा मात्र मारतात. माशा मारतात तशा!

सुदैवाने त्याच भाषेत ‘शिळोप्याच्या गप्पा’ असाही एक सुंदर शब्दप्रयोग आहे. शिळोपा म्हणजे दिवसाची कामे आटोपल्यानंतरचा निवांत वेळ. या शब्दात निंदा नाही, उलट थोडी ऊबच आहे. प्रस्तुत लेखात याच गप्पांचा विचार करावयाचा आहे. काम, तब्येत, छंद, प्रवास असल्या विषयांवर मित्रामित्रांत रोज जे बोलणे होते, ज्यातून ना ठराव निघतो ना निर्णय, त्यातून साधते तरी काय?

आपण पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर उभे असतो. ओळखीचे गृहस्थ येतात आणि विचारतात, “काय, गावाला वाटतं?” आपण म्हणतो, “हो, जरा जाऊन येतो.” दोघांचेही समाधान होते. विचारणाऱ्याला उत्तर आधीच दिसत होते आणि सांगणाऱ्याने नवे काहीच सांगितलेले नाही. दुपारी एकच्या सुमारास भेटणारा “जेवण झालं का?” असे विचारतो, तो वाढायला घेण्यासाठी नव्हे. आणि “काय म्हणता?” या प्रश्नाचे काय करावे? ज्याने अद्याप तोंडही उघडलेले नाही त्याला हा प्रश्न!

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांना हेच कोडे दूरच्या बेटांवर पडले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रियांड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास करीत होते. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या १९२३ सालच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या ग्रंथाला त्यांनी एक पुरवणी लिहिली. प्रकृतीची चौकशी, हवापाण्याविषयी शेरे, डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीचा पुन्हा उच्चार, असल्या बोलण्यातून माहिती द्यायची नसते, माणसांमध्ये धागा बांधायचा असतो, असे त्यांनी तीत मांडले. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. समोरच्या माणसाचे मौन आपल्याला स्वस्थता देत नाही. ते धास्तावणारे असते. म्हणजे ‘गप्प’ माणसाची भीती घालविण्यासाठीच ‘गप्पा’ आहेत. एका कान्याचे हे अंतर दिसते तेवढे क्षुल्लक नाही.

आता गप्पांच्या घडणीकडे वळू. वरवर पाहता गप्पांना नियम नसतो. अध्यक्ष नाही, विषयपत्रिका नाही, वेळेची घंटा नाही. तरीही चार मित्र तासभर बोलतात आणि बहुतेक वेळ एका वेळी एकच जण बोलत असतो. हे कसे जमते याचा शोध हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन या तिघांनी घेतला. ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील १९७४ सालच्या त्यांच्या लेखात त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक वाक्यात पाळी बदलण्याच्या जागा असतात आणि ऐकणारा त्या आधीच हेरतो. पुढे २००९ साली दहा भाषांतील संभाषणे मोजण्यात आली. त्यांत मराठी नव्हती, परंतु निष्कर्ष चकित करणारा होता. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. एखादी वस्तू पाहून तिचे नाव उच्चारायलाही आपल्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेव्हा मित्र बोलत असतानाच आपले उत्तर तयार होत असते. ‘रिकामटेकडे’ बोलणारा माणूस त्या क्षणी केवढे काम करीत असतो, हे परीक्षेच्या तासाला पेन चावणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावे.

शिवाय ऐकणारा नुसता ऐकत नाही. तो ‘हं’ म्हणतो, ‘बरं’ म्हणतो, ‘मग?’ म्हणतो, ‘काय सांगतोस!’ म्हणतो. १९७० साली व्हिक्टर इंगवे यांनी या बारीक आवाजांना ‘बॅक चॅनेल’ असे नाव दिले. आपल्याकडे त्याला हुंकार हा शब्द होताच. गोष्ट सांगणारी आजी मध्येच “हूं म्हण रे” म्हणून बजावते, ती नातू झोपला की काय एवढेच पाहण्यासाठी नव्हे. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. टेलिफोनवर तर हे फारच जाणवते. आपण चार वाक्ये ‘हं’ म्हणालो नाही, तर पलीकडून ताबडतोब “हॅलो, आहेस ना?” असे येते.

गप्पांच्या टोळीलाही आकार असतो. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये लोकांच्या सहज चाललेल्या गप्पांची निरीक्षणे केली. त्यांना आढळले, की एका गप्पेत साधारण चौघांपर्यंत माणसे टिकतात. पाचवा आला की थोड्याच वेळात दोन गप्पा सुरू होतात. आपल्या कँटीनमध्ये कोणत्याही टेबलाकडे पाहून हे पडताळता येईल. या बोलण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वेळ माणसांविषयीच्या, नात्यागोत्याच्या विषयांना जातो असेही त्यांना दिसले. प्राध्यापक मंडळी भेटली की वाङ्मयावरच बोलत असतील, अशी आम्हां विद्यार्थ्यांची जी समजूत असते ती यामुळे थोडी ढासळते.

विषयांकडे पाहिले तर प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कामाविषयीच्या गप्पा बहुधा तक्रारीच्या असतात आणि येथे एक खाचखळगा आहे. मित्र म्हणतो, “साहेबानं आज पुन्हा सातपर्यंत बसवून ठेवलं.” आपण म्हणतो, “मग तू वर अर्ज का करत नाहीस?” झाले, गप्पा तेथेच अडखळतात. जेफर्सन आणि जॉन ली यांनी १९८१ साली नेमक्या याच प्रसंगाचा अभ्यास केला. अडचण सांगणाऱ्याला त्या घटकेला ऐकणारा हवा असतो. सल्ला आला की त्याचे रूपांतर गिऱ्हाइकात होते आणि तो सल्ला बहुधा नाकारतो. “अरेरे, सातपर्यंत?” एवढे म्हटले असते तर गाडी पुढे गेली असती.

तब्येतीच्या गप्पा मला सर्वांत मोलाच्या वाटतात. एकाने पाठ दुखते म्हटले की दुसरा आपला गुडघा काढतो. वरवर ही कुरघोडी दिसते. सॅक्स यांनी मात्र अशा ‘दुसऱ्या गोष्टी’चा अर्थ निराळा लावला. तुझे मला समजले, हे नुसते सांगून पटत नाही. आपली तशीच हकीकत मांडूनच ते सिद्ध करता येते. जेफर्सन यांचे १९८४ सालचे निरीक्षण तर आणखी नाजूक आहे. आपले दुखणे सांगणारा अनेकदा सांगता सांगता हसतो. आपण कोसळलेलो नाही, असे त्या हसण्यातून तो दाखवीत असतो. अशा वेळी ऐकणारा सहसा हसत नाही. एरवी हसण्यात साथ देणे हीच रीत, येथे मात्र न हसणे हीच साथ. “साखर निघाली यार, आता लग्नात जिलबी बंद!” असे म्हणून मित्र हसला, तर चांगला मित्र क्षणभर थांबतो आणि विचारतो, “किती निघाली?”

छंदांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छंदिष्ट माणूस ऐकून घेत नाही, एवढा एकच दोष. नाण्यांचा संग्रह करणाऱ्याच्या तडाख्यात जो सापडला असेल त्याला अधिक सांगणे नको.

प्रवासाच्या गप्पांत मात्र आपले व्याकरणच मदतीला धावते. इंग्रजीतील ‘वुई’ला किंवा हिंदीतील ‘हम’ला जे जमत नाही ते मराठीत आहे: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’त ऐकणारा बसत नाही, ‘आपण’मध्ये तो बसतो. गुजरातीत आणि तमिळमध्येही असाच भेद आहे. “आम्ही दिवाळीत हरिहरेश्वरला चाललोय” ही बातमी झाली. “आपण एकदा रायगडला जाऊ” हे आमंत्रण. कँटीनमध्ये रायगड असा कितीतरी वर्षे ठरत असतो आणि पदवी मिळेपर्यंत पाचाडचे तिकीट कोणी काढलेले नसते. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द रायगड हा नसून ‘आपण’ हा आहे. नवा आलेला, बुजरा विद्यार्थी कोपऱ्यात बसलेला असतो आणि कोणीतरी त्याच्याकडे पाहून “आपण” म्हणतो. त्या दिवसापासून तो टोळीत धरला जातो.

पण या ‘आपण’च्या बाहेर कोण राहते, हेही पाहिले पाहिजे. गावचा पार, चावडी, पाणवठा यांचे वर्णन आपण फार गोडव्याने करतो. ही ठिकाणे सर्वांची नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणूस म्हणून समान हक्क प्रस्थापित करण्यासाठी. पाणवठा ही पाण्याची जागा तशीच बोलण्याचीही जागा. जो पाण्याला शिवू शकत नाही तो त्या काठावरच्या गप्पांतही बसू शकत नाही. बायकांची कथा वेगळी, पण त्याच जातीची. त्यांच्या गप्पांना नेहमी कामाचे निमित्त लागले: दळण, धुणे, पापड, वाळवण. पहाटे जात्यावर बसून जे सांगायचे ते ओवीतून सांगितले गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून आणि सहकारी जोडून अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. ऐकायला माणूस नसेल तेव्हा जाते ऐकत होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईविषयी लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात दाखविले आहे, की स्त्रीला रस्त्यावर उभे राहायचे तर काहीतरी काम असल्याचे दिसावे लागते. उगाच उभे राहण्याची मुभा तिला नाही. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर कोण बसते आणि ‘लेडीज रूम’च्या दारामागे कोण बसते, हे सांगण्यासाठी पुस्तकही नको.

ज्याला कोणताच कट्टा नाही, तो कोठे जातो? गप्पांचे शास्त्र सुरू झाले ते नेमके अशाच माणसांपासून, आणि ही हकीकत मला विलक्षण वाटते. सॅक्स हे १९६३-६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या टेलिफोनची ध्वनिमुद्रणे ऐकत बसत. फोन करणारे परोपरीने एकच सांगत: ज्याच्याकडे जावे असे मला कोणी नाही. सॅक्स यांचा १९६६ चा प्रबंध याच वाक्यावर आहे. त्यांचे लक्ष अगदी बारीक गोष्टींकडे गेले. केंद्रातला माणूस आपले नाव सांगून बोलणे सुरू करी. रीतीप्रमाणे पलीकडूनही नाव यायला हवे. त्याऐवजी एक जण म्हणाला, “मला ऐकू येत नाही.” ही ऐकण्याची अडचण नव्हती. नाव सांगण्याची पाळी त्याने त्या वाक्याने अलगद टाळली होती. बोलायचे आहे पण उघडे पडायचे नाही, ही अवस्था त्या चार शब्दांत होती. १९७५ साली सॅक्स मोटार अपघातात गेले. त्यांची व्याख्याने नंतर ग्रंथरूपाने निघाली.

त्याआधी, १९७३ साली, शेग्लॉफ यांच्याबरोबर त्यांनी संभाषणाच्या शेवटाविषयी लिहिले होते. संभाषण आपोआप संपत नाही. दोघांना मिळून ते संपवावे लागते. त्यासाठी एक जण आपल्या पाळीला काहीच न सांगता ती सोडून देतो. आपण तेव्हा “बरं मग” म्हणतो, “चला” म्हणतो. ही सोडलेली पाळी म्हणजे समोरच्याला दिलेली मोकळी जागा. तोही “चला” म्हणाला तर निरोप. पण अद्याप न निघालेला एखादा विषय त्याच्यापाशी असेल, तर तो मांडण्याची हीच वेळ. मराठीत या जागेसाठी स्वतंत्र प्रश्नच आहे: “बाकी काय?” काम झाले, तब्येत झाली, रायगड झाला, मग बाकी काय?

मोठ्या गोष्टी बहुधा याच फटीतून बाहेर येतात. परीक्षेची फी भरलेली नाही. वडिलांनी अंथरूण धरले आहे. घरी स्थळ पाहणे सुरू झाले असून पुढच्या वर्षी कॉलेजला येणे होणार नाही. असे विषय बोलण्याच्या आरंभी काढता येत नाहीत, ते फार जड असतात. आधीचा तासभर नाणी, गुडघे आणि हरिहरेश्वर यांत गेला म्हणून त्यांना जागा झाली. कोणी “येतो” म्हणून उठतो (आपल्याकडे जाणारा ‘जातो’ म्हणत नाही), चपला घालतो, उंबऱ्यापाशी पोचतो आणि मग म्हणतो, “हां, एक सांगायचं राहिलंच.” म्हणूनच की काय, आपल्या लोकांत निरोप दारात संपत नाही. यजमान “चल, स्टँडपर्यंत येतो” म्हणून निघतो. वाटेत दोघेही शेजारी शेजारी चालत असतात, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि घरात माणसांदेखत जे निघाले नाही ते पानाच्या टपरीपासून स्टँडपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत निघते. गाडीला उशीर असला, तर पूर्णही होते.